लाल दोऱ्याची वीस झाडं

माझी जीभ वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. ठाण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि त्या काळात किती पोरं माझ्या बोलण्यानं डोळे पुसत बाहेर गेली, ते त्यांचं त्यांना माहीत. निवृत्त होऊन कोपरीत घरी बसले, पण जीभ काही निवृत्त झाली नाही. रचना अहिरेची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करायला हवी, कारण त्यातली पहिली काडी मीच टाकली होती.

रचना माझी शेवटच्या वर्षांतली विद्यार्थिनी. आता वय अठ्ठावीस. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत चाळीत राहते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी आली की बोंब. वडील वारले. मोठा भाऊ राकेश कुरिअरच्या गोदामात आहे. आई रमाबाई माजिवड्याला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं भाजी निवडते. रोज चारशे माणसांची भाजी या बाईच्या हाताखालून जाते. एकदा मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, पेशंटच्या ताटात आळी निघाली तर नोकरी जाईल, आणि नाही गेली तरी मी तोंड कसं दाखवू?"

रचनाला एकच ध्यास. झाडाला कुणी खाल्लं की झाड पुढे काय करतं? झाड पळून जाऊ शकत नाही, ओरडू शकत नाही, पण एकदा चावा बसला की ते सावध होतं, पानांत कडवट काहीतरी साठवतं आणि पुढच्या खाणाऱ्याला ती चव आवडत नाही. हे सावधपण किती दिवस टिकतं, ते तिला शोधायचं होतं. आपल्याकडे या विषयाला कुणी विचारत नाही. नॉर्वेच्या थेट उत्तरेकडच्या एका विद्यापीठानं मात्र जाहिरात काढली होती: पीएचडीची एक जागा, तिकडे ती पगाराची नोकरीच असते. विषय हाच, फक्त झाडं बर्चची, म्हणजे आपल्या भूर्जाच्या जातीची, आणि खाणारे कोण, तर सुरवंट आणि रेनडिअर. तिथला उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात झाडानं वाढायचं, खाल्लं गेलं की सावध व्हायचं, आणि परत बर्फ.

त्याआधी रचनानं चार वर्षांत नऊ ठिकाणी अर्ज केले होते. नऊही नकार. हा दहावा, आणि पहिल्यांदाच मुलाखतीला बोलावणं आलं. तेही कशामुळे? तर खडवलीच्या टाकळ्यामुळे.

टाकळा सगळ्यांनाच माहीत आहे. पावसाळ्यात माळावर माजतो, आपण त्याची भाजी करतो, आणि आपल्याआधी पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तो खातात. गेल्या पावसाळ्यात रचनानं भातसेच्या काठी एका ओळखीच्या शेताच्या बांधावर चाळीस झाडं निवडली. वीस झाडांना लाल दोरा बांधला, विसांना पांढरा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लाल दोऱ्याच्या झाडांची निम्मी पानं कात्रीनं अर्धी कापली, म्हणजे झाडाला वाटावं की कुणीतरी खाल्लंय. पांढऱ्यांना हात लावला नाही. मग दर रविवारी कसारा गाडीनं जायचं, प्रत्येक झाडाची कात्री न लागलेली पाच पानं तोडायची, घरी येऊन ती चौकटींच्या कागदावर चिकटवायची, आणि किती खाल्लंय ते चौकटी मोजून काढायचं.

मला ती विचारायला आली तेव्हा मी काय म्हणाले होते, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "एक रविवार चुकला तर माझ्याकडे पाऊल टाकायचं नाही. अर्धवट काम घेऊन येणारी पोरं मला घरात नकोत." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिनं काम पूर्ण करून आणलं. आकडे बघून मी खुर्चीतच ताठ झाले. कापल्यानंतरच्या दोन आठवड्यांत लाल दोऱ्याच्या झाडांची पानं जवळजवळ कोरी. शंभरात चार भागही खाल्लेले नव्हते. पांढऱ्यांचे एकोणीस भाग. आणि तिसऱ्या आठवड्यापासून फरक गायब. म्हणजे टाकळा पंधरा दिवस सावध राहतो आणि मग विसरतो. इतकं स्वच्छ उत्तर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिला शिफारसपत्र दिलं आणि त्यात लिहिलं, की प्रत्येक पान या मुलीनं स्वतः तोडलं आहे, माझ्या देखरेखीखाली. नॉर्वेवाल्यांनी त्या आकड्यांचा आलेख बघूनच तिला निवडलं होतं, तसं त्यांनी मेलमध्ये लिहिलंच होतं.

मुलाखत मार्चमधल्या एका गुरुवारी, आपल्या दुपारी अडीच वाजता. चाळीत शांतता मिळणार नाही म्हणून माझ्या घरी करायचं ठरलं. सोमवारी रचना सरावाला आली, बरोबर रमाबाई होत्या. ड्यूटीवर जाता जाता माझ्यासाठी मेथी घेऊन आल्या होत्या, आणि रिकामं बसवत नाही म्हणून स्वयंपाकघरात ती निवडायलाही बसल्या. आतल्या खोलीत रचना इंग्रजीत बोलत होती, मी दारात उभी राहून चुका काढत होते.

"मॅडम, होईल ना हो तिचं?" रमाबाई म्हणाल्या. "लई घाबरलीय."

"होईल. काम चोख आहे तिचं."

"मग! माझाही हात लागलाय त्याला." त्या हसल्या, फार अभिमानानं हसल्या. "तिला डेंग्यू झालेला ना, दोन रविवार मीच गेलेली खडवलीला. राकेशला घेऊन. लाल दोरेवाली मी केली, पांढरी त्यानं. तो कसला करतो, जे हाताला येईल ते ओरबाडून पिशवीत. पण मी? दोनशे पानं दिली मॅडम, एक किडकं दिलं नाही. एकूणएक निवडून."

आतला आवाज मध्येच थांबला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रमाबाई पुढे बोलतच होत्या, खडवलीला चिखल किती होता, चप्पल कशी रुतली. मी "हो का, हो का" करत होते. साडेदहाला त्या माजिवड्याची बस पकडायला निघाल्या. जाताना लेकीला म्हणाल्या, "नीट बोल गं, घाईघाईत नको," आणि गेल्या.

रचना बाहेर आली ती पानं चिकटवलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊनच. त्या दोन रविवारांचे कागद आम्ही जमिनीवर पसरले. पांढऱ्या दोऱ्याची पानं भोकांची, कुरतडलेली, अर्धी गायब. लाल दोऱ्याची हिरवीगार, टवटवीत, भाजीला काढावीत अशी. ती दोनशे पानं मी सप्टेंबरात याच घरात पाहिली होती आणि वा म्हणाले होते. टाकळ्यानं काही केलं नव्हतं. केलं होतं रमाबाईंनी. खाल्लेलं पान दिसलं की बाजूला टाकायचं, वीस वर्षं हाताला हेच वळण. आणि आळशी राकेशनं मात्र न बघता ओरबाडून अगदी शास्त्रशुद्ध काम केलं होतं. करणीच बघा.

"तू तिला सांगितलं नाहीस, कसं तोडायचं?" मी कडाडले.

"प्रत्येक झाडाची पाच पानं आण म्हटलं. एकशे तीन ताप होता मॅडम. आणि आईला पानं तोडायला काय शिकवायचं?"

"मला का नाही सांगितलंस, की तू गेली नव्हतीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालेलात, एक रविवार चुकला तर येऊ नकोस."

मला राग आला आणि त्याच क्षणी लाजही वाटली, दोन्ही इतकं एकत्र की मी उठून पाणी प्यायला गेले. पाणी पिता पिता विचार केला आणि बाहेर येऊन जे बोलले, ते सांगताना आजही जीभ अडखळते. मी म्हणाले, "गप्प बस. विचारलं तर उत्तर दे, नाही विचारलं तर तोंड उघडू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला? तिकडे गेलीस की पुन्हा करशील हा प्रयोग, नीट करशील. कुणाचा जीव जात नाही यात."

मी. जी पोरांच्या वह्यांत एक आकडा खोडलेला दिसला तर वही भिरकावून द्यायची, ती मी. माझं पत्र त्या अर्जाला जोडलेलं होतं, हे मला ते बोलताना चांगलं आठवत होतं.

रचना कागद गोळा करत राहिली. करेन म्हणाली नाही, नाही करणार असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "आईला काही कळता कामा नये. तिनं काय केलंय हे तिला कळलं ना, तर ती जेवणार नाही. प्रॉमिस करा." मी केलं.

पुढचे तीन दिवस मला चैन पडलं नाही. मंगळवारी तिला फोन केला, तिनं उचलला नाही. बुधवारी मीच तो आलेख काढून बघत बसले. दोन आठवडे वगळले की त्यात काही उरत नव्हतं, दोन रेषा एकमेकींना चिकटून चाललेल्या. असा आलेख घेऊन तिला कुणी दारातही उभं केलं नसतं. आणि आता नाही झालं तर पुढे काय, तेही दिसत होतं. रमाबाईंचे गुडघे गेलेत, राकेशचं लग्न ठरतंय, तासिकांवर घर चालत नाही. तिचा मामा बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणून ठेवून गेला होता. हा दहावा अर्ज शेवटचा, असं रचनानं घरी कबूल केलं होतं.

गुरुवारी दीडलाच दोघी आल्या. रमाबाईंनी अर्धा दिवस रजा टाकली होती, ठेवणीतली निळी साडी नेसल्या होत्या. "मी आत नाही येत, बाहेरच बसते," म्हणाल्या. रचनाचा चेहरा वाचता येत नव्हता. मी हळूच विचारलं, "काय ठरवलंस?" ती म्हणाली, "वायफायचा पासवर्ड सांगा."

अडीच वाजले. आतल्या खोलीत लॅपटॉपवर तीन चेहरे आले. मधल्या प्राध्यापिका, पांढऱ्या केसांच्या, बाजूला दोघे तरुण. दार अर्धं उघडं होतं. मी आणि रमाबाई हॉलमध्ये सोफ्यावर बसलो. पहिली दहा मिनिटं बरी गेली. नाव, गाव, शिक्षण. रचनाचं इंग्रजी सरळ, थोडं कोळसेवाडीच्या चालीचं, पण स्वच्छ. मग त्या बाईंनी आलेखाचं कौतुक केलं. म्हणाल्या, आम्हा तिघांना सगळ्यात जास्त हाच आवडला, यावर बोल.

रचनानं लॅपटॉपशेजारचे कागद सारखे केले. मी मनात म्हणत होते, बोल, आलेखावर बोल, बाकी काही नको.

"या आलेखातले दोन आठवडे खोटे आहेत," रचना इंग्रजीत म्हणाली. "मला सोमवारी कळलं."

मग तिनं सगळं सांगितलं. ताप, दोन रविवार, लाल दोरा, पांढरा दोरा. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही.

रमाबाईंनी माझा हात धरला. "मदर म्हणाली ती. दोनदा म्हणाली. काय सांगते माझ्याबद्दल?"

"तुमचं कौतुक करतेय," मी म्हणाले.

"मग आवाज का असा लागलाय तिचा?"

"घाबरलीय."

"मॅडम," रमाबाई म्हणाल्या, अगदी हळू, "मी अंगठेबहाद्दर नाही. सातवी शिकलेली आहे. मिस्टेक म्हणजे काय ते कळतं मला."

मी वचन दिलं होतं. पण त्या बाईच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. मी चार वाक्यांत सांगून टाकलं. किडकी पानंच मोजायची होती. तुम्ही ती टाकलीत. त्यावरच तिला बोलावलं होतं. आणि आता ती ते त्यांना सांगतेय.

रमाबाईंनी माझा हात सोडला. मला वाटलं, आता रडतील. त्या उठल्या, पदर सारखा केला, दार ढकलून सरळ आत गेल्या आणि लेकीच्या खांद्यामागे उभ्या राहून पडद्याकडे बघत मराठीत म्हणाल्या, "ओ बाई, चूक माझी आहे. पोरगी तापानं फणफणलेली. तिला काय माहीत नव्हतं."

रचना वळली. "आई, तू जा ना बाहेर. मॅडम, तुम्ही तिला..." पडद्यावरचे तिघे बघत राहिले. मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, या काय म्हणतायत? कुणी सांगेल का?

रचना अजून आईकडेच वळलेली होती, म्हणून मी आत गेले. मी कोण ते सांगितलं, रमाबाईंचं वाक्य सांगितलं. तिथं थांबले असते तर चाललं असतं. पण सातवी शिकलेली बाई परक्या भाषेतल्या तीन माणसांसमोर उभी राहून चूक माझी म्हणते आणि मी माझं पत्र झाकून बसते, हे मला सहन होईना. मी म्हणाले, "शिफारसपत्र माझं आहे. प्रत्येक पान हिनं स्वतः तोडलं, माझ्या देखरेखीखाली, असं मी लिहिलंय. मी खडवलीला एकदाही गेले नाही. आणि रविवार चुकला तर येऊ नकोस अशी तंबी मी दिली होती, म्हणून हिनं मला आजारपण सांगितलं नाही."

मग त्या बाईंनी रमाबाईंना एक प्रश्न विचारला आणि मला तो मराठीत करायला लावला: तुम्ही टाकलेली पानं कशी होती, आठवतं का?

"आठवतं की," रमाबाई म्हणाल्या. "लाल दोऱ्याच्या झाडांची खालची पानं लई किडलेली, जून झालेली. वरच्या कोवळ्याला आळी शिवलीच नव्हती. नाहीतर एरवी कोवळ्यावरच तुटून पडते. म्हणून तर मला निवडायला सोपं गेलं, सगळी वरूनच घेतली. पांढऱ्याचं राकेशला विचारा, पण तो काय सांगणार, तो बघतच नाही."

मी सांगितलं तसं त्या बाईंनी ते लिहून घेतलं. एका तरुणानं विचारलं, इतक्या महिन्यांनी यांना नक्की आठवतं कसं? रमाबाईंना प्रश्नच कळेना. "कीड कुठं आहे ते बघूनच हात जातो," त्या म्हणाल्या. "नाहीतर काय निवडणार?"

मुलाखत पाच मिनिटांत संपली. सगळे नम्रपणे बोलले. नम्रपणावरून काही कळत नाही.

नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, मेल आला. रचना आणि रमाबाई माझ्याच घरी होत्या. मीच बोलावलं होतं जेवायला, एकटीला वाट बघवत नव्हती म्हणून. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. मेल लांब होता. दोन आठवड्यांचे आकडे नसताना तुमच्या कामावर ही जागा देता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. सावध झालेलं झाड कदाचित आधी कोवळी पानं वाचवत असेल, तेव्हा कोवळी आणि जून पानं वेगळी मोजून या पावसाळ्यात प्रयोग पुन्हा केलात तर आम्हाला जरूर पाठवा, पुढच्या वर्षी जागा निघेल असं वचन मात्र देता येत नाही, असंही लिहिलं होतं. माझ्या पत्राबद्दल एक ओळ होती: यापुढे प्राध्यापकांनी जे स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहावं. ती ओळ रचनानं मला वाचून दाखवली नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः वाचली.

रमाबाई ताटं मांडत होत्या. मेल आलाय हे त्यांना आमच्या गप्प बसण्यावरूनच कळलं असावं. हातातली वाटी खाली ठेवून त्या लेकीसमोर येऊन बसल्या.

"नाही झालं?"

"नाही."

"माझ्यामुळे गेलं ना?"

माझ्या तोंडात दहा उत्तरं तयार होती. तसं नाही हो, स्पर्धाच फार असते, नशीब असतं एकेकाचं. मी तोंड उघडलं आणि रचनानं माझ्याकडे न बघता हातानंच मला थांबवलं.

"हो आई," ती म्हणाली. "तुझ्यामुळे गेलं. आणि माझ्यामुळे. मी तुला सांगितलंच नाही काय करायचं ते." आणि मग ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, लहान मुलीसारखी, नाक ओढत.

रमाबाईंनी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, डोळेही पुसले नाहीत. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "बरं केलंस खरं बोललीस. त्या गोऱ्यांना खरं सांगितलंस आणि मला खोटं सांगितलं असतंस ना, तर मी या घरातून उठून गेले असते."

मग त्या म्हणाल्या, बस आता, भात निवतोय.